वऱ्हाडची पऱ्हाटी आणि अमेरिकेचा कापूस

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाची जी नावे चालत, त्यांत एक नाव 'उमरा' असे होते. भडोचचा माल 'ब्रोच', धारवाडचा 'धारवार', तसा वऱ्हाडचा 'उमरा'. हे नाव अमरावतीचे आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत अमरावतीचा उल्लेख 'उमरावती' असा येतो. दलालांच्या तोंडी त्याचा पुढचा भाग गळून पडला आणि उरला तो 'उमरा'. अंबादेवीच्या गावाचे नाव सातासमुद्रापलीकडच्या भावपत्रकात वजनदार झाले, त्याला कारण झाले अमेरिकेतील यादवी युद्ध. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे अमेरिकेच्या इतिहासात गुलामगिरी संपवणारी म्हणून ओळखली जातात. वऱ्हाडच्या शेतीचा तोंडवळाही याच चार वर्षांत बदलला, आणि तेव्हापासून अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याचे नशीब अमेरिकेच्या कापसाशी बांधले गेले.

युद्धाच्या आधीही वऱ्हाडात कापूस होताच. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन ओल धरून ठेवते, आणि देशी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, मुळे त्या ओलीपर्यंत खोल जातात. पण हा कापूस मुख्यतः गावातच पिंजला, कातला आणि विणला जाई. शिलकीचा माल बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केल्याची हकिकत गॅझेटियरमध्ये आहे. मुंबईची वाट त्याआधीच, १८२५-२६ च्या सुमारास, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी उघडली होती. मात्र घाटरस्त्याने जाणाऱ्या बैलावरचा कापूस वाटेत भिजे, धुळीने माखे, आणि मुंबईला पोहोचेपर्यंत त्याची किंमत घटे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, तेव्हा कंपनीची नजर या कापसावर होतीच. पण निकड नव्हती, कारण लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अमेरिका भागवत होती.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला कापूस लांब धाग्याचा, स्वच्छ आणि स्वस्त होता. स्वस्त असण्याचे कारण उघड होते. १८६० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून मोजली गेली, आणि त्यांतली फार मोठी संख्या कापसाच्या मळ्यांवर राबत होती. १७९३ साली एली व्हिटनीने दातेरी चाकांचे जिन बनवले आणि सरकीपासून रुई वेगळी करण्याचे किचकट काम झटपट होऊ लागले. यंत्राने श्रम वाचतात, ही समजूत येथे पूर्ण उलटी पडली. रुई काढणे सोपे झाल्यामुळे कापूस लावणे अधिक फायद्याचे ठरले, मळे वाढले आणि त्याबरोबर गुलामांची मागणीही वाढली. युद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार-पंचमांश कापूस या मळ्यांतून येत होता.

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले. अध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिल रोजी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचाही डाव होता: कापूस अडवून धरला की इंग्लंडला आपल्या बाजूने यावेच लागेल, असे त्यांना वाटत होते. इंग्लंड आले नाही; लँकेशायरच्या गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. लिव्हरपूलचा भाव युद्धाच्या मध्यावर तिप्पट-चौपट झाला. १८६० मध्ये ब्रिटनच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा जेमतेम १६ टक्के होता, तो १८६२ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला.

माल गेला, पण त्याचे नाव चांगले झाले नाही. हिंदुस्थानी कापसाला गिरण्यांत सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, त्यात पालापाचोळा, माती, कधी मुद्दाम घातलेले पाणी. चात्यावर तो सतत तुटे आणि कामगाराची मजुरी बुडे. लँकेशायरच्या बोलीत 'सुरत' हा शब्दच काही काळ हलक्या मालासाठी वापरला जाऊ लागला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा यात दोष फारसा नव्हता. त्याचा कापूस हातमागाच्या जाड सुतासाठी उत्तम होता. यंत्राच्या चात्यासाठी तो कधी पिकवलाच नव्हता. भेसळ व्हायची ती बहुधा शेत आणि बंदर यांच्यामधल्या हातांत.

भाव चढताच वऱ्हाडचे शेत पांढरे होऊ लागले. युद्धाच्या चार वर्षांत कापसाखालची जमीन जवळजवळ दुप्पट झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळवरून शेगाव, अकोला, बडनेरा असा पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. हा मार्ग कापसाच्या पट्ट्यातून गेला, हा योगायोग नव्हता. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉयने खुद्द यावे, एवढे त्या बाजाराचे मोल होते. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. अमरावतीकरांना मुख्य मार्गासाठी आजही बडनेरा गाठावे लागते, त्याचे मूळ या आखणीत आहे.

याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याची कॉटन कमिशनर म्हणून नेमणूक झाली. एका पिकासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा, ही गोष्टच बोलकी आहे. त्याच्या अहवालांत बियाणे, वाहतूक, भेसळ यांची बारीक माहिती मिळते आणि राज्यकर्त्यांचा हिशेबही स्पष्ट दिसतो. रेल्वेने मँचेस्टरचे कापड आत आणावे, ते गावच्या कापडापेक्षा स्वस्त विकावे, म्हणजे येथील कातणारे-विणणारे हात मोकळे होऊन शेतमजुरीला लागतील आणि कच्चा माल अधिक बाहेर जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे घडले ते बरेचसे असेच. वऱ्हाडच्या कोष्ट्यांच्या मागांना घरघर लागली ती अशी ठरवून.

बाजाराला शिस्त लावण्याची गरजही लँकेशायरच्या तक्रारींतूनच आली. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली सुरू झालेला कापूस बाजार हा देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा हा पूर्वज. मापाडी, दलाल, आडत्या यांचे दर ठरवून देणारा हा कायदा शेतकऱ्याच्या काही अंशी उपयोगी पडला, हे खरे. पण त्याची प्रेरणा गाठीत माती निघू नये ही होती.

अमेरिकेचा हात वऱ्हाडच्या जिनातही दिसतो. पूर्वी घरोघर रेचा असे. लाकडी चौकटीत एकमेकींवर घासत फिरणाऱ्या दोन दांड्या. एका बाजूने कापूस भरवायचा, दांड्या रुई ओढून घेत आणि सरकी अलीकडे टपटप पडे. एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टातून काही शेरच रुई निघे. व्हिटनीचे दातेरी जिन येथे आणून पाहिले गेले, पण आखूड धाग्याच्या देशी कापसाचे ते तुकडे करी. कामी आले ते दुसरे यंत्र. अलाबामा राज्यातील फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या रोलर जिनमध्ये चामड्याने मढवलेला रूळ धागा हळूच ओढतो आणि पाते खालीवर होत सरकी झटकून टाकते. रेच्याची आणि याची मूळ कल्पना एकच, म्हणून ते देशी कापसाला मानवले. इंग्लंडच्या कारखान्यांनी ते सुधारून विकले, आणि खामगाव, अकोला, अमरावती, अकोट, मूर्तिजापूर येथे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. रॅली ब्रदर्स आणि स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट या कंपन्यांच्या पेढ्या वऱ्हाडात आल्या. दुहेरी रुळाचे जिन आजही येथे चालते, आणि हंगामात जिनाच्या आवारात उभे राहिले की हवेत तरंगणारी रुई भुवयांवर बसते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईत पोहोचताच भाव कोसळले. कापसाच्या पैशावर फुगलेल्या मुंबईच्या कंपन्या आणि बँका त्या वर्षी धडाधड बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजा दिवाळखोर झाला. ही कथा मुंबईच्या इतिहासात पुष्कळ सांगितली गेली आहे. वऱ्हाडात काय झाले, ते त्यामानाने कमी सांगितले जाते. भाव उतरला तरी पऱ्हाटी मागे हटली नाही. जमिनीची मोजणी होऊन सारा रोखीने भरायचा होता, रोख पैसा देणारे पीक एकच होते आणि सावकार त्याच पिकावर उचल देत होता. रेल्वे तर दारात आलेली. ज्वारीच्या जागी लागलेला कापूस पुन्हा ज्वारीला जागा देईना.

गंमत नव्हे, शोकांतिका अशी की अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांच्या वाट्यालाही जवळपास हेच आले. जमीन मालकाची, बियाणे आणि खाणेपिणे दुकानदाराकडून उधार, आणि हंगामाअखेर अर्धे पीक देऊन उरलेल्यात उधारी फिटेना. बटाई आणि कर्जाच्या या फासात दक्षिणेतली काळी कुटुंबे पुढच्या तीन-चार पिढ्या अडकली. मिसिसिपीचा बटाईदार आणि अकोट तालुक्यातला कुळवाडी एकमेकांना कधी भेटले नाहीत. लिव्हरपूलच्या बाजारात त्यांचा माल मात्र एकमेकांचा भाव पाडत होता. महाराष्ट्रात एका माणसाला या दोन देशांतल्या दुःखांचे नाते त्याच काळात दिसले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले.

अन्नाची जमीन कापसाने खाल्ल्याची किंमत शतकाच्या शेवटी मोजावी लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. पाऊस गेला हे कारण होतेच. पण धान्याच्या कणग्या रिकाम्या होत्या, गावातल्या मागावरची कमाई गेलेली होती, आणि बाजारातले धान्य घ्यायला हातात पैसा नव्हता. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या पुस्तकात हा संबंध सविस्तर मांडला आहे. दुसऱ्या दुष्काळात अमेरिकेतून मदतही आली. १९०० साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' हे जहाज दुष्काळग्रस्तांसाठी मका भरून मुंबईला आले. अकोल्यात ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन 'अलायन्स' मिशनच्या लोकांनी अनाथ मुलांना आसरा दिला. या मदतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. वऱ्हाडातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासाची सुरुवात तेथूनच होते.

व्यापार आणि यंत्रे यांच्यापेक्षा खोल बदल बियाण्यात झाला, आणि त्याला शंभर वर्षे लागली. देशी कापूस आणि अमेरिकन कापूस हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वेगळे वंश आहेत. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. म्हणून दोघांचा संकर सहजासहजी होत नाही. शेताच्या बांधावरूनही फरक ओळखू येतो. देशी पऱ्हाटीचे पान खोल कातरलेले, बोटांसारखे अरुंद. अमेरिकन पऱ्हाटीचे पान रुंद, पसरट. देशी बोंड लहान आणि टोकदार, उकलले की खाली झुकते आणि वेचायला उशीर झाला तर कापूस मातीत गळतो. अमेरिकन बोंड गोलसर, टपोरे, आणि उकलल्यावर कापूस त्यात बराच काळ टिकून राहतो. वेचणाऱ्या बाईची ओटी अमेरिकन कापसाने लवकर भरते. देशीचा धागा २० मिलिमीटरच्या आसपास, तर अमेरिकनचा २५ च्या पुढे.

कंपनी सरकारने १८४० मध्येच अमेरिकेहून दहा अनुभवी मळेवाले पगारावर आणून हिंदुस्थानात अमेरिकन बियाणे रुजवण्याचा प्रयत्न केला होता. धारवाड भागात ते काहीसे जमले. वऱ्हाडच्या मातीत आणि पावसाच्या लहरीत ते वाण टिकेनात, आणि सरकारने कितीही बी वाटले तरी शेतकरी आपल्या गावरानी सरकीकडे परत जाई. त्याला अडाणी म्हटले गेले, पण तो बरोबर होता. देशी पऱ्हाटी पावसाचा खंड सोसते, रस शोषणाऱ्या किडींना दाद देत नाही, आणि तिचे बी घरचेच असते. अमेरिकन वंशाची सरशी झाली ती पुढे, पाणी, खत आणि फवारणी यांची जोड मिळाल्यावर. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला आणि त्यानंतर देशी वाण मागे पडत गेले.

अकोल्यातील कृषी विद्यापीठाची कुळकथाही अमेरिकेच्या त्या यादवी युद्धापर्यंत जाते. युद्ध ऐन भरात असताना, २ जुलै १८६२ रोजी, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्यांना सरकारी जमिनी द्यायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची, असा तो कायदा होता. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही पद्धत त्यातून वाढली. स्वातंत्र्यानंतर भारताने कृषी विद्यापीठे काढताना हाच नमुना घेतला. १९६० मध्ये पंतनगरला पहिले विद्यापीठ झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. देशाचे कृषिमंत्री असताना त्यांनी भारत कृषक समाजातर्फे १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्घाटनाला आले होते. अमेरिकेकडून काय घ्यावे, याची पंजाबरावांची निवड अचूक होती: वस्तूपेक्षा संस्था.

त्यानंतर आले ते बीटी. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घालून बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार करायचे, हे तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीबरोबर ते भारतात आले आणि मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे फवारणी खरोखरच कमी झाली, उत्पादन वाढले. पण अमेरिकेत बीटी सरळ वाणांत आले, भारतात ते संकरित वाणांतच आले. संकरिताचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, महाग म्हणून विरळ लावले जाते, आणि पीक लांबते. ओलिताखाली ते आणखी लांबवून फरदड घेतली की गुलाबी बोंडअळीला जानेवारी-फेब्रुवारीतही घर मिळते. अळीने बीटीला पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे किडकी निघाली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले.

या अळीचा प्रवास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शास्त्राला तिची ओळख १८४३ साली झाली ती हिंदुस्थानातल्या कापसावरून. १९१७ मध्ये ती टेक्सासला पोहोचली. अमेरिकेने शंभर वर्षे तिचा पाठलाग केला. ठरल्या तारखेला पऱ्हाटी उपटून टाकणे, कामगंध सापळे, निर्बीज पतंग सोडणे आणि बीटी वाण, असे सगळे उपाय गावोगाव एकाच वेळी केले आणि २०१८ मध्ये तेथील कृषी खात्याने ती देशाच्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. एकट्या बियाण्यावर ही लढाई जिंकता येत नाही, हे या दोन हकिकती शेजारी ठेवल्या की कळते. फरदड न घेणे आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे हा अकोल्याच्या विद्यापीठाचा सल्ला अमेरिकेच्या या अनुभवाशी जुळतो. सारे शिवार एकदम पाळेल तेव्हाच त्याचा उपयोग.

भावाचा दोर तर कधी सुटलाच नाही. लिव्हरपूलची जागा न्यूयॉर्कने घेतली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या तेथील कॉटन एक्सचेंजचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत. त्या आकड्यांवर सट्टा लावायची चटक मुंबईपासून वऱ्हाडच्या गावांपर्यंत पोहोचली. पुढे मटका म्हणून ज्याने घरे धुऊन नेली, त्याचा उगम या न्यूयॉर्क कॉटनच्या आकड्यांत आहे. महाराष्ट्राने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली, ती शेतकऱ्याला या चढउतारापासून वाचवण्यासाठी. अमेरिकेने मात्र आपल्या कापूस उत्पादकांना मोठाली अनुदाने चालूच ठेवली. त्यामुळे जगाचा भाव पडतो, हे ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत सिद्ध केले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी त्या पडलेल्या भावातच आपला कापूस विकत होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला. कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. वऱ्हाडात 'सीतादही' ही शेतातली पूजा होऊन वेचणी सुरू होते ती दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आणि लहान शेतकऱ्याचा बहुतेक कापूस डिसेंबर संपेपर्यंत विकून झालेला असतो.